हे पायरी कायची आहे जी?

गेल्या वीकांताला मावसबहिणीचा चंद्रपूरहून मेसेज आला. मेसेज म्हणजे एक आलेख आणि खाली एकच ओळ: "दादा, पाहा ना, पायऱ्या गेल्या!" आलेख साधा होता. दोन वळणदार रेघा, खाली दिवसाचे चोवीस तास, वर मराठीत शीर्षक. तुम्ही पाहिला असता तर म्हणाला असता, यात काय एवढं? पण मी तो बराच वेळ बघत बसलो. चहा गार झाला. बायकोने "ऑफिसचं काही आहे का?" असंही विचारून घेतलं.

ऑफिसचं नव्हतं. ही गोष्ट २०१९ च्या मार्चपासून सुरू होते, आणि नीट सांगायची तर १९६२ पासून.

आधी मार्च २०१९. मी चंद्रपूरचा. हल्ली पुण्यात सॉफ्टवेअरची हमाली करतो. बहीण मात्र तिकडेच राहिली. वन्यजीवांचा अभ्यास केला आणि एका छोट्या गटाबरोबर ताडोब्याच्या बाहेरच्या जंगलात कॅमेरे लावायचं काम करायला लागली. पुण्या-मुंबईच्या मंडळींना ताडोबा म्हणजे जिप्सी आणि फोटो एवढंच माहीत असतं. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं उद्यान. पण चंद्रपुरातले सगळे वाघ काही उद्यानाच्या हद्दीत राहत नाहीत. ब्रह्मपुरीकडच्या जंगलात वाघ आहेत, आणि त्याच जंगलात माणसंही आहेत. सरपण, तेंदूपत्ता, मोह, सगळं तिथूनच येतं.

मार्च-एप्रिल म्हणजे मोहाचा हंगाम. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत, आणि गुरं किंवा हरणं यायच्या आत, ती वेचायची असतात. त्यामुळे माणसं अंधारातच निघतात. झाडाखाली ओणवं होऊन, खाली मान घालून वेचत राहतात. ओणवं झालेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, असं तिकडचे जाणते लोक सांगतात. दरवर्षी या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या पेपरात ज्या बातम्या येतात त्या मी इथे सांगत नाही.

बहिणीच्या गटाने गावाजवळच्या पायवाटांवर कॅमेरे लावले होते. कॅमेऱ्यासमोरून काहीही गेलं की फोटो निघतो आणि त्यावर वेळ छापली जाते. तिने सोपा प्रश्न घेतला होता: वाघ या वाटेवर किती वाजता असतो आणि माणूस किती वाजता? दोघांच्या दोन रेघा काढायच्या, आणि त्या जिथे एकमेकींवर चढतात ती धोक्याची वेळ. हे तिने आर नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत केलं. आरस्टुडिओ उघडा, चार ओळी लिहा, उजवीकडच्या छोट्या खिडकीत आलेख दिसतो. तिने त्या खिडकीचाच स्क्रीनशॉट काढला, पॉवरपॉइंटमध्ये टाकला, ताणून मोठा केला आणि गावातल्या शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवला.

सभेत पुढे बसलेले एक आजोबा उठले, भिंतीजवळ गेले आणि वाघाच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हे पायरी कायची आहे जी? साडेपाचले वाघ बसते का?"

लोक हसले. पण आजोबा गंमत करत नव्हते. रेघ खरंच पायऱ्यापायऱ्यांची दिसत होती. बराच वेळ सपाट, मग एकदम खाली, परत सपाट. मागून कोणीतरी बोललं, "म्हणजे साडेपाचच्या बाद गेलं तं चालते."

बहिणीच्या पोटात गोळा आला. कारण तिच्या आकड्यांत साडेपाचला काहीच घडत नव्हतं. तिची रेघ हळूहळू, एकसारखी उतरत होती. पायरी वाघाची नव्हती, पडद्याची होती. तिने कसंबसं समजावलं. रात्री मला फोन आला: "दादा, हे काय होऊन राहिलं? माझं कॅल्क्युलेशन चुकलं का?"

गणित चुकलं नव्हतं. आता जरा हिशेब करून बघा, मजा आहे. (मजा म्हणजे आपल्या हापिसातली मजा.) आरस्टुडिओची ती खिडकी समजा ४०० पिक्सेल रुंद. चोवीस तासांची १,४४० मिनिटं त्यात बसवली, म्हणजे एक पिक्सेल ३.६ मिनिटांचा. रेघ जर इतकी हळू उतरत असेल की आडवे १२ पिक्सेल गेल्यावर १ पिक्सेल खाली यायचं, तर पडद्यावर ती १२ पिक्सेल सपाट दिसणार आणि मग टुणकन एक पिक्सेल खाली. १२ पिक्सेल म्हणजे ४३ मिनिटं. पाऊण तास वाघ 'स्थिर', मग अचानक कमी! आणि तेच चित्र भिंतीवर दोन मीटर रुंद केलं की एक पिक्सेल होतो पाच मिलिमीटरचा. पायरी सहा सेंटिमीटर लांब. आजोबांचे डोळे चांगले होते, एवढंच. जे दिसलं ते त्यांनी वाचलं.

आता १९६२. आयबीएममध्ये जॅक ब्रेझनहॅम नावाचा एक प्रोग्रॅमर होता. त्याच्यासमोरचं काम असं: आयबीएम १४०१ या कॉम्प्युटरला कॅलकॉम्प कंपनीचा प्लॉटर जोडलाय. प्लॉटर म्हणजे कागदावर पेन फिरवणारं यंत्र. ते पेन फक्त ठरावीक छोट्या पावलांनी सरकतं: उजवीकडे एक, वर एक, किंवा तिरकं एक. अशा पावलांनी तिरकी रेघ कशी काढायची? आणि त्या काळच्या मशीनवर गुणाकार-भागाकार म्हणजे फार महागडं काम, तेव्हा ते टाळून?

ब्रेझनहॅमने युक्ती काढली. दर पावलाला खरी रेघ आपल्यापासून किती दूर गेली याची एक उधारी मांडायची. उधारी अर्ध्या पावलाच्या वर गेली की एक पाऊल वर चढायचं आणि उधारी कमी करायची. नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी. १९६५ साली त्याने ते छापलं, आणि आजही कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या कुठल्याही कोर्समध्ये हे पहिल्या काही तासांतच शिकवतात. इंजिनिअरिंगला असताना आपण सगळ्यांनी ते पाठ करून परीक्षेत ओकलेलं आहे. :-)

प्लॉटरचं पाऊल एवढं बारीक होतं की कागदावर पायऱ्या फारशा जाणवत नसत. सत्तरच्या दशकातल्या टेक्ट्रॉनिक्सच्या हिरव्या पडद्यांवर तर पायऱ्या नव्हत्याच, कारण तिथे इलेक्ट्रॉनचा झोत पेनासारखा थेट रेघ ओढायचा. गंमत बघा, पुढे पडदे स्वस्त झाले, चौकोनी ठिपक्यांचे झाले, घराघरांत आले आणि त्यांच्याबरोबर पायऱ्याही घराघरांत आल्या. ब्रेझनहॅमची पावलं आता डोळ्यांनी मोजता येत होती.

आईने केलेला क्रॉस-स्टिचचा टेबलक्लॉथ आठवतो? त्यातल्या पोपटाची चोच जवळून पायऱ्यांची आणि लांबून गोल. तेच हे. फक्त टेबलक्लॉथ बघून कुणी पहाटे जंगलात जायचं का ते ठरवत नाही.

यावरचा उपाय १९७७ साली फ्रँकलिन क्रो या संशोधकाने नीट मांडला. तो अमेरिकेत युटा विद्यापीठात शिकलेला. त्या काळी ग्राफिक्समधले निम्मे शोध तिथून निघायचे. क्रोचं म्हणणं असं होतं की पायऱ्या ही पडद्याची खोड नसून नमुना घेण्याची चूक आहे. जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात ना? कॅमेरा सेकंदाला मोजकेच फोटो घेतो, चाक त्याहून वेगळ्या तालात फिरतं, आणि आपल्याला खोटीच हालचाल दिसते. खऱ्या सिग्नलने खोट्याचा वेश घेतला. इंग्रजीत याला एलियासिंग म्हणतात, म्हणजे टोपणनावाने वावरणं. रेघेच्या पायऱ्या हाही तोच प्रकार.

मग करायचं काय? 'हा चौकोन काळा की पांढरा' असा हो-नाहीचा प्रश्न विचारायचाच नाही. रेघेने चौकोनाचा किती भाग व्यापलाय ते मोजायचं आणि तेवढा करडा रंग भरायचा. पाव व्यापला तर फिका, पाऊण व्यापला तर गडद. डोळा त्या करड्या छटा एकत्र करतो आणि रेघ सलग दिसते. याला अँटी-एलियासिंग म्हणतात. पिक्सेल तेवढेच राहतात, पण प्रत्येक पिक्सेल आता नुसतं हो-नाही न सांगता 'थोडंसं हो' असंही सांगू शकतो.

म्हणजे उपाय १९७७ चा. मग २०१९ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, चंद्रपूरच्या शाळेच्या भिंतीवर पायऱ्या कशा? हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. आपल्या धंद्यात शोध लागणं आणि तो शोध वापरणाऱ्याच्या पडद्यापर्यंत पोचणं यात कधीकधी एक अख्खी पिढी जाते.

आरची कुळकथा थोडक्यात. १९७६ च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि मंडळींनी एस नावाची भाषा केली. आकड्यांशी खेळता यावं, लगेच चित्र बघता यावं, परत खेळता यावं, हा तिचा उद्देश. बेल लॅब्जमध्येच काम करणाऱ्या जॉन टुकीने १९७७ साली एक्स्प्लोरेटरी डेटा ॲनालिसिस नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हीच वृत्ती आहे: आधी विदा डोळ्यांनी बघा, गृहीतकं नंतर. पुढे नव्वदच्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी एसच्या धर्तीवर आर लिहिली. दोघांच्याही नावाचं आद्याक्षर तेच. २९ फेब्रुवारी २००० ला आरची १.० आवृत्ती आली. फुकट, मुक्त. चंद्रपुरातली मुलगी आज विद्यापीठातल्या प्राध्यापकाचंच हत्यार वापरू शकते ते यामुळे.

आरने चित्र काढण्याचं काम दोन भागांत वाटलं. वरचा भाग नुसता हुकूम देतो: इथून तिथे रेघ ओढ, इथे ही अक्षरं लिही. खालचा भाग, ज्याला डिव्हाइस म्हणतात, तो हुकूम पाळतो. पीडीएफचं डिव्हाइस वेगळं, पडद्याचं वेगळं. ही रचना प्लॉटरच्या जमान्यातून आलेली आणि अतिशय शहाणी. पण तिचा एक परिणाम असा की तोच प्रोग्रॅम, तेच आकडे, पण चित्राचा दर्जा ठरतो तो खालच्या हुकमाच्या ताबेदारावर. मॅकवर तो ताबेदार क्वार्ट्झ, रेघा मऊसूत. लिनक्सवर २००८ साली आर २.७ मध्ये कैरो आलं, तिथेही मऊसूत. कैरो ही कीथ पॅकार्ड आणि कार्ल वर्थ यांनी सुरू केलेली लायब्ररी. विंडोजवर मात्र ताबेदार होता जीडीआय, विंडोजचा जुना रेघा ओढणारा. त्याला करड्या छटा ठाऊकच नाहीत. चौकोन एकतर काळा नाहीतर पांढरा. थेट ब्रेझनहॅमचा वारस.

२०११ मध्ये आरस्टुडिओ आला आणि आर वापरणं फार सोपं झालं. पण विंडोजवर त्याची आलेखाची खिडकी त्याच जीडीआयच्या भरवशावर राहिली. आणि मला सांगा, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या किती लोकांकडे मॅक असतो? पायऱ्या कुणाच्या वाट्याला आल्या ते उघड आहे.

बहिणीला मी फोनवर ऐटीत सांगितलं, "एवढंच ना? आलेख फाइलमध्ये काढताना टाइप कैरो दे, रिझोल्यूशन वाढव, झालं." पंधरा मिनिटांत तिचा मेसेज: "रेघ मस्त झाली. गाव गेलं."

खरंच गाव गेलं होतं. तिच्या मशीनवर कैरोने रेघ गुळगुळीत केली आणि मराठी अक्षरांची वाट लावली. 'चंद्रपूर'मधला द्र फुटून पाय मोडलेला द आणि शेजारी सुटा र. 'गडचिरोली'त तर कहरच. आपण बोलताना आधी च म्हणतो, मग इ. कॉम्प्युटरच्या पोटातही तोच क्रम असतो. पण लिहिताना वेलांटी च च्या आधी, डावीकडे यायला हवी. ही अदलाबदल कुणीतरी करावी लागते. ती न झाल्यामुळे वेलांटी च च्या नंतर आली आणि पुढच्या रो च्या डोक्यावर जाऊन बसली. ज्या गावात आलेख दाखवायचा तिथल्या लोकांना आपल्या शेजारच्या जिल्ह्याचं नाव वाचता येईना.

या कामाला शेपिंग म्हणतात: अक्षरांच्या कोडपासून दिसणाऱ्या आकारांपर्यंत जाणं. रोमन लिपीत ते जवळपास नसतंच, म्हणून ज्यांनी ही साधनं लिहिली त्यांना ते आधी आठवलं नाही. देवनागरीसाठी ते जीवनमरणाचं. विंडोजला ते येत होतं. विंडोज २००० पासूनचा मंगल फाँट तर आपल्या मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशींनी घडवलेला. म्हणजे परिस्थिती अशी: विंडोजचा जुना ताबेदार मराठी नीट लिहायचा पण रेघेच्या पायऱ्या करायचा, आणि कैरो रेघ नीट ओढायचं पण मराठी मोडायचं. पीडीएफ काढून बघितली तर तिथे अक्षरांऐवजी नुसते ठिपके. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक न समजलेल्या बाइटमागे एक ठिपका. 'चंद्रपूर'ची आठ चिन्हं, म्हणजे चोवीस ठिपके. मी मोजले.

शेवटी आम्ही जुगाड केला. माझ्या पुण्याच्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. तिथे कैरोच्या जोडीला पँगो नावाची लायब्ररी शेपिंग करते, त्यामुळे रेघही नीट आणि मराठीही नीट. बहीण फाइल पाठवायची, मी ऑफिसातून आल्यावर आलेख काढून पाठवायचा. मग ती म्हणायची, "दादा, तासांचे आकडे थोडे मोठे कर ना." दुसऱ्या दिवशी परत. "माणसाच्या रेघेचा रंग बदल." तिसऱ्या दिवशी परत. तिकडे मोह गळत होता आणि आम्ही रंग बदलत होतो. आलेख चांगला होऊन गावात गेला तोवर हंगाम उतरणीला लागला होता.

त्या वर्षी त्या गावात काही वाईट झालं नाही. ते नशीब, आमची हुशारी नव्हे. पण तेव्हा मला कळलं की पडद्यावरचा प्रिव्ह्यू ही शोभेची वस्तू नाही. माणूस प्रिव्ह्यूत बघत बघत विचार करतो. तो खोटं दाखवत असेल तर विचारही तिकडेच जातो, आणि तो दोनशे कोस लांब दुसऱ्याच्या लॅपटॉपवर असेल तर विचार दिवसाला एकच पाऊल टाकतो.

आता कुणी म्हणेल, निर्णय आकड्यांवर घ्यावा, चित्रावर नाही. बरोबर. पण ग्रामसभेत आकड्यांचा तक्ता कोण वाचणार? आणि गडचिरोली-चंद्रपूरमध्ये ग्रामसभा ही काही नुसती हजेरी लावायची जागा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामुदायिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. जिथे लोकच जंगलाबद्दल ठरवतात तिथे आलेख त्यांना वाचता येणं ही सजावट कशी म्हणायची?

शिवाय वाघांच्या बाबतीत चित्रावर विसंबून फसण्याचा आपल्याला जुना अनुभव आहे. १९६६ च्या सुमाराला ओडिशात सरोज राज चौधरी यांनी पगमार्कवरून वाघ मोजायची पद्धत बसवली. मातीत उमटलेल्या पंजावर काच धरायची, काचेवर कडेकडेने रेघ गिरवायची, ती कागदावर उतरवायची. १९७२ ची देशव्यापी गणना याच पद्धतीने झाली आणि १,८२७ वाघ असा आकडा आला. पद्धत कष्टाची, माणसं प्रामाणिक. पण तोच वाघ चिखलात एक ठसा उमटवतो आणि धुळीत दुसरा, आणि गिरवणाऱ्याचा हात तिसरंच काही काढतो. रेघेतला फरक वाघाचा की मातीचा, हे रेघ सांगत नाही. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते आणि २००५ मध्ये कळलं की जंगलात एकही उरला नाही. मग पद्धत बदलली: कॅमेरे, पट्ट्यांवरून ओळख, आणि मोजलेल्यांवरून न मोजलेल्यांचा अंदाज बांधायचं संख्याशास्त्र. २००६ च्या अंदाजात देशात १,४११ वाघ निघाले, महाराष्ट्रात १०३. २०२२ पर्यंत महाराष्ट्राचा आकडा ४४४ वर गेला. त्यातला मोठा वाटा चंद्रपूरचा. वाघ वाढले याचा आनंदच आहे, पण म्हणूनच ती पहाटेची रेघ आता जास्त महत्त्वाची आहे.

एक उलटं उदाहरणही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी पायरीच्याच विरुद्ध आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालमृत्यूंवर केलेलं काम तुम्हाला माहीत असेल. १९९९ च्या लॅन्सेटमधला त्यांचा निबंध जगभर गाजला: ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी एकीकडे हजारी नवजात मृत्यूदर २५.५, दुसरीकडे ५९.६. पण मला त्याआधीची एक छोटी वस्तू जास्त आवडते. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात आणि गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येईलच असं नाही. म्हणून त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं श्वासमापक केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात तर न्यूमोनिया.

बघा, ही दहा-दहाची पायरीच आहे की! बेचाळीस आणि अठ्ठेचाळीस श्वास तिथे सारखेच दिसतात. पण ती पायरी मुद्दाम, विचारपूर्वक घातलेली आहे. वापरणारीला माहीत आहे की एक मणी म्हणजे दहा, आणि निर्णयाची सीमा बरोबर मण्यावर पडते. आमच्या भिंतीवरची पायरी कुणी घातलेली नव्हती आणि कुणाला माहीतही नव्हती. दोन्हींत फरक तो हा. बारीक तपशील असला नाही तरी चालतं, पण जो दिसतो तो कुठून आला हे बघणाऱ्याला कळायला हवं.

पुढे काय झालं? डेन्मार्कच्या थॉमस लिन पेडरसनने आरसाठी रॅग नावाचं पॅकेज लिहिलं. त्याच्या पोटात एजीजी ही लायब्ररी आहे, मॅक्सिम शेमानारेव्ह या प्रोग्रॅमरने एकहाती घडवलेली. पायथॉनवाल्यांनो, जॉन हंटरने २००३ मध्ये आणलेलं तुमचं मॅटप्लॉटलिब वर्षानुवर्षं पडद्यावर जे गुळगुळीत काढतंय तेही याच एजीजीच्या जिवावर. हंटर २०१२ मध्ये गेला, शेमानारेव्ह २०१३ मध्ये. आपण रोज त्यांच्या रेघा बघतो. २०२१ च्या सुरुवातीला रॅगने हार्फबझ वापरून शेपिंगही नीट करायला घेतलं. हार्फबझ ही बेहदाद एस्फाहबोद या इराणी प्रोग्रॅमरच्या नावाशी जोडलेली लायब्ररी, आणि नावही फारसीच. ज्याची स्वतःची लिपी जोडाक्षरांसारखी चिकटते त्याला आपलं दुखणं कळलं, हे मला फार आवडतं. त्याच जानेवारीत आरस्टुडिओ १.४ मध्ये आलेखाच्या खिडकीसाठी ताबेदार निवडायची सोय आली. आणि २०२२ मध्ये आर ४.२ ने विंडोजवर युनिकोड सरळ स्वीकारलं. तोवर कन्सोलवर मराठी शब्द छापला की अक्षरांऐवजी कोनी कंसातले कोड दिसायचे, ते थांबलं.

तुमच्यापैकी कुणी विंडोजवर अजून पायऱ्या बघत असेल तर: रॅग पॅकेज टाका, आरस्टुडिओत टूल्स, ग्लोबल ऑप्शन्स, जनरल, ग्राफिक्स असं जा आणि बॅकएंडमध्ये एजीजी निवडा. दोन मिनिटांचं काम. आणि स्क्रीनशॉट ताणून मोठा करू नका. जेवढं मोठं दाखवायचंय तेवढ्याच मापाची फाइल काढा. आरची नेहमीची पीएनजी ४८० बाय ४८० पिक्सेलची असते, ती भिंतीसाठी नाही.

बहिणीने हे सगळं स्वतःच शोधून केलं. मला विचारलंही नाही. परवाचा आलेख तिच्याच लॅपटॉपवरचा, तिच्याच खिडकीतला. रेघ सलग उतरते. चंद्रपूर चंद्रपूर आहे, गडचिरोलीची वेलांटी जागेवर आहे. मी विचारलं, "मग मला आता फाइली पाठवणार नाहीस तर." ती म्हणाली, "नाही जी. तुझ्याकडून येईपर्यंत मोह संपून जाते."

मग मी विचारलं, आजोबांना दाखवला का? दाखवला होता म्हणे. त्यांनी पुन्हा भिंतीजवळ जाऊन बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, कुठेही न थांबता. मग म्हणाले, "म्हणजे वेळ अशी ठरलेली नाही. उजेड पडल्यावरच जावं."

इतकी वर्षं तिला हेच तर सांगायचं होतं.